डाव्या बाजूची नववी जागा

जिन्सन,

तुझं वल्हं शोधू नकोस, मी घेतलंय. सराव सुरू व्हायच्या आत ते कॅप्टनच्या हातात द्यायला धक्क्यावर निघालेय.

सकाळी बाजारात कुट्टप्पन वैद्य भेटले. वैद्यांनी पाठीला तेल चोळलं, होड्यांच्या शर्यतीला हो म्हणाले, असं तू थोरल्या बहिणीला तोंड वर करून सांगितलंस. ते म्हणाले, "अगं, दीड महिना वल्ह्याला हात लावायचा नाही, असं बजावलंय त्याला. डावा पाय बधिर होतो, बोलला नाही तुला?" नाही बोललास. तुझ्या पायातून चप्पल निसटते ती जुनी झाली म्हणून, असं समजून मी नवी आणणार होते!

अधूनमधून उजवीकडे बस, एकाच अंगाला पिळून कणा जातो, हे वैद्य दोन वर्षं सांगताहेत. पण तुला डाव्या बाजूची नववी जागाच हवी, कारण ती अप्पच्चनची. वडिलांची जागा मुलानं सोडली तर गाव बोलेल म्हणे. बोलू दे. शनिवारी शर्यतीत तिथं दुसरा कुणी बसेल.

कप्प्याचे कंद उकडलेत, मासे झाकून ठेवलेत. नारळाचं पोतं उचलू नकोस.

अप्पच्चनना आज पेज तू भरव. अकरा वर्षं ते खाटेवर आहेत, पण हे काम तू कधी केलं नाहीस. बसतं करताना त्यांच्या पाठीमागे हात घालावा लागतो. कणा जिथं वाकडा लागेल तिथं हात जरा वेळ राहू दे.

मग वाटलं तर वल्हं मागायला ये.

एल्सीचेची