दादांच्या फोटोवरचा थर

३ फेब्रुवारी १९५८, पिंपरी
दादांचा, माझ्या वडिलांचा, हा एकच फोटो. ओलीने कडा खाल्ल्यात. नऊ दिवसांवर वर्षश्राद्ध. त्याआधी फोटोला कायमचा पारदर्शक थर द्यायचा, हा संकल्प. आमच्या रंगाच्या कारखान्यात नवं रेझिन आलंय. ऊन लागलं की काचेसारखं कडक होतं. साहेबांनी शिशीभर दिलं. दादा पगाराला अंगठा उठवायचे. घरातली पहिली पदवी माझी. त्यांच्यासाठी विज्ञानाने एवढं करायलाच हवं.

४ फेब्रुवारी
पातळ थर दिला. दिवसभर खिडकीत ऊन. संध्याकाळी कोपऱ्यात अंगठ्याने दाबून पाहिलं. चिकट. उद्या नक्की.

५ फेब्रुवारी
चिकटच. कारखान्यातला मालोजी मिस्त्री, निघोज्याचा, म्हणाला, "बाई, भरल्या शिशीतलं उन्हात दगड व्हतं, अर्ध्या शिशीतलं वरनं वलंच ऱ्हातं. वारा लागू देऊ नगा. वरनं काच ठिवा." मी समजावलं, जवसाच्या तेलाचं वार्निश हवेतला प्राणवायू घेऊनच वाळतं; पुस्तकात आहे. "व्हय बाई," म्हणाला आणि हसला.
दोन्ही खिडक्या उघडल्या. अंगठ्याची चाचणी: चिकट.

६ फेब्रुवारी, सकाळ
फोटोच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा.
गेल्या वर्षी दादा गेले त्या जागी पीठ पसरून वर पाटी पालथी घातली होती. सकाळी पाऊल उमटतं म्हणतात. काहीच उमटलं नव्हतं. आई वर्षभर त्याच दुःखात. आज म्हणाली, "आता उमटलं बघ. हजेरी लावून गेले हे." मी अंधश्रद्धेवर पाच मिनिटं बोलले. फोटोकडे पाठ करून मात्र बसवेना.

८ फेब्रुवारी
नवा थर. तासभर सुपाने वारा घातला. नेहमीची चाचणी: चिकट. दोन माश्या अडकल्या.

९ फेब्रुवारी
ठसा पुन्हा, तिथेच. भीती मुळीच नाही. उशाशी अडकित्ता ठेवलाय. सुपारी मी खात नाही.

१० फेब्रुवारी
आईने ठशावर जुन्या तसबिरीच्या काचेचा तुकडा दाबून बसवला. "मेले, पुसून टाकशील!" म्हणाली. मी चिडले. काचेखाली प्राणवायू पोचणार कसा? काढायला हवी होती. वेळ झाला नाही.

१२ फेब्रुवारी
श्राद्ध झालं. फोटो चिकट, धुळीत दादांचा चेहरा दिसत नाही. काचेखालचा कोपरा तेवढा टणक, लख्ख. मालोजी जेवायला आला होता. तो कोपरा नखाने वाजवून पाहिला आणि पानावर जाऊन बसला. हसला असता तर बरं झालं असतं.
जिथे प्राणवायू पोचला नाही तिथेच थर जमला. बाकी सगळीकडे त्यानेच रेणूंच्या साखळ्या वाढू दिल्या नाहीत. आणि मी सुपाने वारा घालत होते.
ठसा भिंगातून पाहिला. मधून तिरकी चीर. डिसेंबरात बीकर फुटला तेव्हा माझ्या अंगठ्याला पडलेली.
आईने काचेवर फूल वाहिलं. म्हणाली, "तूही पाया पड. ह्यांचाच आहे."
पडले. अंगठे आत मिटून.