दुसऱ्या भागात हडळ नाही

अहो,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं अहो. आजवर तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तोंडानं बोललेलंच कुठं ऐकत होतात? पण काल तुमच्या त्या रक्तपिशाच्चाच्या इंग्रजी पिक्चरचा दुसरा भाग लावला, आणि असा संताप आला की तो तुमच्यावर काढल्याशिवाय भाकरी गोड लागायची नाही.

गावभर सांगत सुटला होतात ना, "दुसरा भाग येऊ द्या, पहिला इसरताल"? तुम्ही गेलात आणि मग कॅसेट आली. लोक मला विचारायला लागले. भावजी तर टपूनच होते. म्हणाले, "वैनी, बाईमाणसानं व्हिडिओ चालवायचा म्हंजे लोक हासतेत. ह्या बाजारला लोक बसले तर बसले, न्हाई तर टीव्ही अन् व्हीसीआर मी घिऊन जातो." एकदा माणसं ऊसतोडीला गेली की शिरूरात कोण उरतं? म्हणजे कालच्या आठवडी बाजारची गर्दी टिकली तरच माझी चूल.

म्हणून मी आधी पहिला भाग पाहिला. हो, जन्मात पहिल्यांदा. पत्र्याच्या पार्टिशनमागं तुमच्या गिऱ्हाइकांचा चहा उकळताना तो मी नुसता ऐकला होता. टीव्हीचा आवाज बारीक करून तुम्ही मराठीत सगळ्यांची तोंडं चालवायचात. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण थाट असा की पिक्चर तुम्हीच काढलाय.

आणि काय पाहते? त्या पिशाच्चांच्या सरदाराला बायकोच नाही! आख्ख्या कॅसेटमध्ये हडळ म्हणून नाही. तो पहाटे गुहेत येतो, एकटाच, आणि मुकाट पेटीत निजतो. तिथं तुम्ही बायकी आवाज काढायचात, "आलाव का? रातभर कुटं गेलताव? तोंड धुवा आधी, रगात उशीला लागतंय." माणसं खिदळायची. मी मात्र चहात साखर टाकायची विसरायचे, कारण ती वाक्यं माझी होती. रगात तेवढं तुमच्या पदरचं. मला वाटायचं, पिक्चरमध्येच अशी कजाग बाई असेल, तुम्ही तिला फक्त माझी बोली चढवली. अहो, आख्खी बाईच तुम्ही माझ्यावरून घडवलीत आणि तिकीट लावून गावाला दाखवलीत. लाज नाही वाटली?

बरं, दुसरा भाग. भिकार आहे. पहिल्यात एक सरदार होता, त्याची धास्ती वाटायची. ह्यात शे-दीडशे पिशाच्चं, मग घाबरायचं कुणाला? मोटारसायकलवाला हिरो सगळा वेळ अंधारात गोळ्या झाडतोय. पहिल्यात उन्हात जळून राख झालेला सरदार ह्यात पुन्हा जिवंत, कसा ते कुणी सांगत नाही. मेलेला माणूस असा परत येत असता तर मी पत्र लिहीत बसले असते का?

लोक चुळबुळायला लागले. केळीवाले गफूरभाई पार्टिशनकडं तोंड करून म्हणाले, "भाभी, हडळ का म्हून काढून टाकली? तिच्याबिगर काय मजा हाय?" दोघं-तिघं उठले. भावजी दारात उभे राहून गालात हसत होते.

तेवढ्यात सरदार गुहेत शिरला. काय झालं मला कुणास ठाऊक, पुढं गेले, आवाज बारीक केला आणि सगळ्यांच्या देखत बोलले, "आलाव का? मरून बी घर सुटंना व्हय?" जो हशा उठला! उठलेले खाली बसले. मग मला थांबताच येईना. "छातीत दुखतंय म्हनत होताव न्हवं? बीडला दवाखान्यात चला म्हनलं, तर म्हने खेळ संपू दे. संपला का खेळ?"

कुणी हसलं नाही. गफूरभाईंनी मान खाली घातली. टीव्हीवर सरदाराचे ओठ हलत होते, आणि सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते. मीसुद्धा.

घरात मी काही बोलले की तुम्ही 'हूं' म्हणून कूस बदलायचात. मला वाटायचं, भिंतीशी बोलतेय. आणि माझा शब्दन् शब्द तुमच्या ध्यानात होता! एवढं सगळं ऐकत होतात, मग तेवढं एक का नाही ऐकलंत? ह्याची मी तुम्हाला कधीच माफी देणार नाही.

भावजी रिकाम्या हातानं गेले. तोडीवाले ट्रकात बसायच्या आधी उद्या पुन्हा हाच भिकार भाग लावायचाय, लोकांनीच मागितलाय. हडळीचं मी बोलेन, हिरोचंही बोलेन. पण वचन देते, त्या सरदाराच्या तोंडी माझ्याकडून एक अक्षर जाणार नाही. ते काम तुमचं होतं. टाकून गेलात ना? मग बघू दे लोकांना, त्याचं तोंड नुसतं हलताना.

तुमचीच,
सुमन