खडपावरचे किडे

प्रकाशा, वैशाख वद्य ६, शके १८५३

आज घाटावर माझं हसं झालं. झालं ते बरंच झालं म्हणा.

शाळा सुटल्यावर तापीवर गेलो होतो. बायका धुणं धूत होत्या. कुणीतरी पायरीवर घागर ओतली आणि दगडांच्या फटींतून राखाडी, चपटे, पुष्कळ पायांचे किडे निघून भराभर वर चढू लागले. मी ताडकन उठलो आणि ओरडलो, वर या, पाणी चढतंय!

शाळेत पाणी भरणारी सखूबाई हसायलाच लागली. "वैशाखमा पाणी कोठेन यी, मास्तर?"

खरंच, कुठून येणार? समुद्र राहिला तिकडे कोकणात. पण आमच्या खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवर, असलेच किडे असतात आणि भरती आली की आधी ते वर चढतात. वाकून शिंपल्यांतली कालवं काढणाऱ्या बाईला ते दिसत नाहीत, म्हणून एकाने वर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. त्या दिवशी तो एक मी होतो. खाली थोरली बहीण. माझ्या मांडीवर मॅट्रिकचं पुस्तक. किडे पायावर चढले, मी ते झटकले आणि पान उलटलं. झटकले! बहीण वर आलीच नाही. आणि किड्यांचं मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

आज मात्र केवढ्यानं ओरडलो. अकरा वर्षांनी.

निघताना सखूबाईने हळूच विचारलं, "मास्तर, आक्का कोन शे? तिलेच हाका मार्‍यात ना तुम्ही?"

मी म्हटलं, कोणी नाही.