कड्यावरच्या चर्चचं पाणी

लाडके लेतेब्रहान,

तुझ्यासाठी अनवाणी कडा चढले. गुडघे शाबूत आहेत, काळजी नको. तू जेवतेस ना?

कातळात कोरलेल्या मरियमच्या चर्चमध्ये तुझ्या नावाने मेणबत्ती लावली. पवित्र पाण्याची बाटली देताना पुजारी अब्बा मला म्हणाले, "आई, बहीण हे पिते तोवर तिच्या गोळ्या बंद."

मी विचारलं, "अब्बा, तिचं हृदय तुम्ही तपासलंत?"

"नन्सच्या कॅथलिक शाळेत शिकलेल्या दिसता, म्हणून शंका!" ते म्हणाले.

मला शाळा शिकवतो मेला!

बाटली पाठवली नाही तर तू हट्टाने अन्न सोडशील, पाठवली तर गोळ्या सोडशील. इतक्या लांबून मी काय करू?

पाठवतेय. गोळी त्याच पाण्याबरोबर गीळ, बये. पाप माझ्या माथी.

तुझी थोरली बहीण,
ब्रिक्ती