शेजारच्या सीटवरचा ब्रेक

ती. वन्संना,

सतरा वर्षांपूर्वीची ती दुपार तुम्हाला आठवते का? नवी गाडी दारात येऊन दोन दिवस झाले होते आणि तुम्ही-मी मागच्या सीटवर बसून साधी भाजी आणायला निघालो होतो. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा तुमच्या बंधुराजांचा हुकूम होता. त्यामुळे प्रत्येक वळणावर तुम्ही माझ्यावर घसरत होता आणि मी दारावर. तिसऱ्या वळणाला तुम्ही माझा हात घट्ट धरलात आणि म्हणालात, "आता पडलो तर दोघी मिळून पडू." भाजी कोणती आणली ते आठवत नाही. तुमच्या हाताला धुण्याच्या साबणाचा वास येत होता, ते मात्र आठवतं.

आठवणीच्या नादात नमस्कार राहून गेला. (कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टरांनी अशा पत्रावर लाल रेघ ओढून ते पुन्हा लिहायला लावलं असतं.) तेव्हा आता करते. पूर्ण वाकण्याइतकी कंबर उरलेली नाही, जेवढी वाकते तेवढ्याचा स्वीकार करावा. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरता ना? भावजींचा खोकला थांबला का? आम्ही बरे आहोत, म्हणजे मी दमले आहे आणि हे उत्साहात आहेत. आमच्या घरी या दोन गोष्टी नेहमी जोडीनेच येतात.

कारण तीच गाडी. लेक म्हणते, बाबा, आता विका, पेट्रोल पिते आणि ब्रेक उशिरा लागतो. हे म्हणतात, मायलेज आणि ब्रेक, दोन्ही सुधारून दाखवतो आणि येत्या रविवारी याच गाडीतून चारशे किलोमीटर चालवत ताईकडे जातो. लेकीला हे फोनवर म्हणाले, "बघच तू, कशी नेतो ती!" लेक म्हणाली, "आईला तरी बसने पाठवा." गेले दोन महिने आमचं घर या एका रविवारावर अडून बसलं आहे.

पहिल्यांदा वजन. गाडीत फालतू वजन असलं की ती जास्त पिते, असं यांनी कुठेसं पाहिलं. मग छत्र्या गेल्या, माझ्या जास्तीच्या चपला गेल्या, हातरुमालांचा डबा गेला, टपावरचं कॅरियर गेलं. एकेक वस्तू न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून हे मान डोलवत होते. सगळं संपल्यावर यांची नजर सावकाश माझ्यावर आली. बोलले काही नाहीत (पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतो), पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेची अख्खी सीट उपसून बैठकीच्या खोलीत आणली. ती अजून तिथेच आहे. परवा शेजारचे निवृत्त सर आले, तिच्यावर बसले आणि चहा पिता पिता त्यांनी सवयीने पट्टा लावून घेतला. निघताना तो सुटेना. मी साबणाचं पाणी ओतलं, यांनी पेचकस आणला, आणि सर आपले शांतपणे म्हणत होते, "घाई नाही, घरी तरी कोण वाट पाहतंय."

मग टायर. हवा म्हणे टायर थंड असतानाच तपासायची. आता हवा भरायचं दुकान घरापासून चार किलोमीटरवर. तिथे पोचेपर्यंत टायर तापणार हे उघड होतं, आणि तुमच्या भावाने त्यावर शोधलेला उपाय असा की दुकानापर्यंत जायचं आणि टायर थंड होईपर्यंत तिथेच थांबायचं. तीन तास! मी थर्मास, पुस्तक आणि विणकाम घेऊन जायचे. दर रविवारी. दुकानवाल्याच्या मुलीचं एक अख्खं स्वेटर तिथेच पुरं झालं. हवा दोन पॉइंट कमी असायची, ती भरून झाली की हे असे परतायचे, जणू गाडीचं ऑपरेशन पार पडलं.

एसी बंद, कारण तो पेट्रोल खातो. खिडक्या बंद, कारण आत शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो. मी ओला रुमाल डोक्यावर ठेवून बसते. सिस्टर म्हणायच्या, बाईने कुठल्याही प्रसंगी पाठ ताठ ठेवावी. मी ठेवते. घामाने पाठ सीटला चिकटलेली असते, त्यामुळे फार जड जात नाही.

ब्रेकचं प्रकरण याहून मोठं. मिस्त्रींनी (आमची गाडी पहिल्यापासून तेच बघतात, मितभाषी माणूस) आधी पॅड बदलले, मग तबकड्या, मग ब्रेकचं तेल. नवे पॅड घासून जागी बसवावे लागतात म्हणे. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात न्यायची आणि ब्रेक दाबायचा, पुन्हा वेगात न्यायची, पुन्हा दाबायचा, असं वीस वेळा. गोदामांच्या मागच्या रस्त्यावर आम्ही हे केलं. नवव्या वेळेला तिथला पहारेकरी स्टूल घेऊन बाहेर येऊन बसला. विसाव्या वेळेला त्याने जवळ येऊन हळूच विचारलं, "काका, काही पडलंय का तुमचं?" माझी मान पडायची तेवढी बाकी होती.

एवढं करून मायलेज लिटरला आठ. पॅड पुन्हा झिजायला लागलेले. मिस्त्रींनी पहिल्यांदाच डोकं खाजवलं आणि म्हणाले, मी स्वतः बसून बघतो. आधी ते आणि हे असे दोघेच एक दिवस शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर फिरून आले. लिटरला अकरा! दुसऱ्या दिवशी मला पुढे बसवलं, मिस्त्री मागे बसले आणि आम्ही बाजारातून नेहमीच्या वाटेने गेलो. परतल्यावर मिस्त्री खाली उतरले, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि माझ्या पायाखालची चटई उचलून यांच्यापुढे धरली. टाचेखाली आरपार भोक.

"काका, गाडीत काही बिघाड नाही. ब्रेक काकू लावतात."

म्हणजे असं, की मी चटईवर पाय दाबते आणि तोंडाने "हं!" करते. माझं "हं" ऐकलं की यांचा पाय ब्रेकवर जातो. आता तर "हं" कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तो पाय ब्रेकवर टेकलेलाच असतो. हे गाडी पुढेही नेतात आणि थांबवतही राहतात, म्हणून पेट्रोल जळतं आणि पॅड झिजतात. माझी किंमत लिटरला तीन किलोमीटर ठरली. वन्सं, यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता! नोकरीत बढती मिळाली तेव्हाही एवढा फुलला नव्हता. "मी सांगत नव्हतो? गाडी ठणठणीत आहे!" मिस्त्रींचे दोन्ही हात धरून हलवले. मी गुन्हा कबूल केला. शिक्षा म्हणून रविवारी मला मागच्या सीटवर बसायचं आहे, तोंड मिटून.

तर आम्ही येतोय. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी भावजय

ता. क. माझ्यासाठी जास्त उशा काढू नका, एक पुरे.

ता. क. दुसरा. हा कागद मुद्दाम वेगळा घेतला आहे. मागचं सगळं घरात मोठ्याने वाचा, हसा. हा तुमच्या एकटीसाठी. मिस्त्री खोटं बोलले नाहीत, पण त्यांनी अर्धंच पाहिलं. वन्सं, ब्रेक उशिरा लागत नाही, यांना उशिरा दिसतं. माझ्या बाजूच्या डोळ्याने जवळजवळ दिसतच नाही. वर्ष झालं. त्या बाजूने मी चहा पुढे धरला तर समोर बघत विचारतात, "चहा झाला नाही का गं?" सायकलवाले, मुलं, कोपऱ्यावरून येणारी म्हातारी माणसं, सगळी त्या बाजूची मीच बघते आणि "हं" करते. हे कुणाला सांगत नाहीत, मी घाबरेन म्हणून. मला ठाऊक आहे हे मी यांना सांगत नाही, हे खचतील म्हणून. मिस्त्रींसमोर एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण इतके खूश होते हो. माझ्याने बोलवलं नाही. आणि आता रविवारी मी मागे, आणि त्या बाजूला कुणीच नाही.

यांनी आयुष्यात फक्त तुमचं ऐकलं आहे. शनिवारच्या आत फोन करा. सांगा की तुम्हालाच डोळे दाखवायचे आहेत, सोबत भाऊ हवा, गाडी नको, बसने ये. तिथे गेल्यावर डॉक्टरांना म्हणावं, आलेच आहेत तर यांचेही बघा. मी लिहिलं हे कळू देऊ नका. रागवा हवं तर, तुमचं रागावणं यांना आवडतं.

ता. क. तिसरा. डॉक्टर गाडी चालवू नका म्हणाले, तर भांडण नको, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. गाडी तुमच्या धाकट्या सुनेला द्यावी, ती वळणावर थांबून दोन्हीकडे बघते. यांनी परवाच घेतलेलं हवा मोजायचं यंत्र मिस्त्रींना. तुमच्या गावापर्यंतचा रस्ता यांनी लाल पेन्सिलीने आखलेला नकाशा आमच्या लेकीला, तिला आत्ता नको वाटेल, तरी द्यावा. किल्ल्या दोन आहेत. एक सुनेला. दुसरी यांच्या खिशातच राहू द्यावी, कुणी मागू नये.