उभे राहिलेले मासे

द्वारका, नाशिक
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

दत्तूभाऊ,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या, म्हणजे कुणाचं काही राहायला नको. आम्ही इकडे बरे आहोत. माहेनूरचे गुडघे तसेच दुखतात आणि बोलणंही तसंच चालू आहे. तुमच्या मीनाचे बारावीचे पेपर चांगले गेले असं जीपवाल्या पुंजारामकडून कळलं. हे पत्र तुम्हाला तीच वाचून दाखवत असणार, तेव्हा मीना, शाबासकी तुलाच गं. ईदचा शिरखुर्मा पुंजारामनं वाटेत संपवला नसेल तर डबा परत पाठवा, माहेनूर रोज विचारते.

फोन करून काही उपयोग नाही. तुमच्या पाड्यावर दोन दगड चढल्याशिवाय रेंज येत नाही आणि तुम्ही दगड चढता ते मासेमारीला कोणी येणार असलं तरच. म्हणून लिहितोय. मालेगावच्या मराठी शाळेत गुरुजींनी पट्टी मारमारून माझं अक्षर वळवलं, त्याचा कुणाला तरी फायदा होऊ दे.

सोबत पुडी आहे. नव्या घाण्यातल्या, गळाला लावायच्या पंधरा रबरी मासोळ्या. अंबडच्या कारखान्यात चपलांचे तळ ओततो ना आम्ही, तोच मऊ रबर, पण या खेपेला हवा अशी बसली आहे की विचारू नका. ओढली तर वीतभर लांबते, सोडली की जागच्या जागी. मरळीनं चाळीसदा चावली तरी तुटत नाही. बाजारातल्या साध्या मासोळ्यांबरोबर एका डबीत मात्र ठेवू नका, त्या हिच्याशेजारी वितळून चिकट गोळा होतात.

नाशिकची मंडळी तुमच्या तराफ्यावर बसली की त्यांना नीट लावायला शिकवा, नाहीतर माझं नाव खराब करतात. गळ आधी पाण्यात ओला करायचा, कारण हा रबर गळावरून सरकत नाही. टोक नाकातून आत, जरासं पुढे जबड्याखालून बाहेर, मग गळ उलटा फिरवून टोक पाठीत लपवायचं, म्हणजे शेवाळात अडकत नाही. नाकापुढे तंगुसाच्या दोऱ्याला शिशाचा मणी. मणी तळाला बसतो आणि मासोळी तरंगती, म्हणून त्याच्यावर शेपूट वर करून उभी राहते. पाणी हललं की शेपूट हलते. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं थांबायचं. जिवंत मासोळी चिखलात तोंड खुपसून खातेय असं मरळीला वाटतं.

पुंजाराम म्हणत होता, धरणाच्या जांभळीखालच्या कोपऱ्यात मासे उभे राहायला लागलेत, तोंड वर आणि शेपूट खाली. त्याला घाबरण्यासारखं काय आहे? उन्हाळ्यात पाण्यातली हवा कमी होते, आणि मरळ तर एरवीही श्वास घ्यायला वर येते. पाऊस पडला की जातील खाली. तोवर त्यांना हात लावू नका, चिरून वगैरे बघू नका. आजारी मासा असला तर उगाच घरात रोगराई. मेला तर पुरून टाका.

तुमच्या आईबद्दल, भागीमावशीबद्दल लोक काहीबाही बोलतात असंही तो म्हणाला. लोकांना उद्योग नाही दुसरा. मावशीला माझा सलाम सांगा, रविवारी आलो की चहा घेईन.

तुमचा,
शहजाद


द्वारका, नाशिक
गुरुवार, २४ एप्रिल २०२५

दत्तूभाऊ,

मीनाचं पत्र काल पुंजारामनं आणून दिलं. आमच्याकडे सगळे

ही ओळ अर्धीच सोडतो. खुशाली लिहायचं तोंड मला राहिलेलं नाही.

मीनानं लिहिलंय की येत्या रविवारी अवसेला बैठक आहे, बाहेरगावचा भगत येणार आहे, आणि आजीनं पाण्याकाठचं घर सोडून कायमचं निघून जावं असं ठरल्यातच जमा आहे. पाड्यावरचे निम्मे लोक याच्या विरोधात आहेत, पण मासे डोळ्यांना दिसतात त्याचं काय करायचं म्हणून गप्प बसतात, असंही तिनं लिहिलंय. तुम्ही तीन दिवस जेवला नाहीत. शेवटी पोरीनं मला विचारलंय, शहजादकाका, तुम्ही कारखान्यातले, शिकलेले, यात काय असेल ते लिहून पाठवा.

काय असेल ते मला ठाऊक आहे, भाऊ. पंधरा तारखेचं पत्र लिहिलं तेव्हाही होतं. हवा कमी होते वगैरे जे लिहिलं ते खोटं. चिरून बघू नका म्हटलं ते रोगराईसाठी नव्हतं.

ऐका आता. मला ओळीनं लिहू द्या, नाहीतर मी पुन्हा आडवाटेला जाईन.

गेल्या दिवाळीपासून मी दर शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे यायचो. तुम्हाला सांगायचो की रविवारी पहाटे मासेमारी करायची म्हणून मुक्कामाला आलो. खरं काम वेगळं होतं. ओतताना बिघडलेल्या मासोळ्या, वाकड्या, बिनशेपटीच्या, पिशवी भरून साठायच्या. त्या मी सुकटीच्या तेलात उकळायचो आणि जांभळीखाली पाण्यात टाकायचो. बिनगळाच्या, मूठ मूठ. माशांना चटक लागावी म्हणून. रविवारी नाशिकची मंडळी गळ टाकायची आणि पहिल्या झटक्यात मरळ लागायची. शहजादभाईची मासोळी म्हणजे जादू, असं म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. कारखान्यात पंचवीस वर्षं झाली, तिथं माझं नावसुद्धा कुणी पूर्ण घेत नाही.

मासे त्या गिळत होते. पचत तर काही नव्हतंच. आणि तुम्हाला माहीत आहे ती कशी तरंगते. पोटात आठ-दहा झाल्या की माशाला खाली जाताच येत नाही. पोट वर उचललं जातं, तोंड पाण्याबाहेर येतं आणि तो तसाच लटकून राहतो. दुसऱ्या जातीचा मासा दोन दिवसांत मेला असता. मरळ वरची हवा पिते, म्हणून ती मरतही नाही.

सहा तारखेला मी तुमच्या नकळत एक मासा गोणपाटात गुंडाळून घरी आणला. गॅलरीत निळा ड्रम आहे, त्यात ठेवला. दहा दिवस तो त्यात उभा होता, भाऊ. मी आलो की तो माझ्याकडे वळायचा. ड्रमला वळसा घालून पलीकडे गेलो तर तिकडे वळायचा. खायला मागत असणार, सुकटीचा वास माझ्या हातांना होताच. हे समजत होतं, तरी मी गॅलरीचं दार लावून घ्यायचो. दारातूनही तो हवा पितानाचा आवाज यायचा, चूळ भरल्यासारखा. तुमचं पत्र पुंजारामच्या हाती दिलं त्याच संध्याकाळी माहेनूरनं ड्रमवर पाट ठेवला, वर दगड ठेवला आणि आमच्या अलिशाला घेऊन माहेरी मनमाडला गेली. जाताना म्हणाली, हे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही बोलत नाही, म्हणून मला जास्त भीती वाटते.

तुम्हाला पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो चिरला. अंगावर मांस नव्हतं, कातडी आणि काटा. पोटात अकरा निघाल्या. एकीवरही दाताची खूण नाही, रंग जसाच्या तसा. बादलीत टाकल्या तर सगळ्या वर आल्या. खुदा मला माफ करो, पण पहिला विचार काय आला सांगू? काम किती पक्कं झालंय, हा.

हे झालं माशांचं. एवढंच असतं तर मी मागेच कबूल झालो असतो, असं स्वतःला सांगतो.

पाडव्याच्या रविवारी आम्ही पाचजण आलो होतो ते आठवा. तुम्ही तराफा बांधत होतात. मासे उभे राहिलेले आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले. वीस-बावीस तोंडं, सगळी एका बाजूला. मग तो रुद्र, जो सारखा मोबाईलवर व्हिडिओ काढत असतो, त्यानं एक मासा हातात उचलला आणि सुरी मागितली. म्हणाला, चिरून बघू आत काय आहे. मला कळलं की आत काय निघणार. त्याच वेळी पलीकडे मावशी भांडी घासायला आली होती. नेहमीसारखा नागलीच्या भाकरीचा चुरा पाण्यात टाकत होती आणि कोंबड्यांना बोलवावं तसं माशांना बोलवत होती. मी हसत हसत म्हणालो, "मासा कशाला चिरतोस, ती म्हातारी रोज त्यांच्याशी बोलते, तिलाच विचार."

दत्तूभाऊ, हे मी म्हणालो. पहिला मीच. रुद्रनं मासा सोडला आणि मोबाईल तिच्याकडे वळवला. आणि ते मासे, भुकेले, तिचा चुरा बघून तसेच उभ्या उभ्या तिच्याकडे सरकले. बावीस तोंडं एका ओळीत, आणि समोर तुमची आई हात पसरून. ती गोष्ट पाहताना मलाच काटा आला, आणि मला तर कारण माहीत होतं. त्यानं ते संध्याकाळी सगळीकडे पाठवलं, खाली लिहिलं, धरणाची भुताळी. पुढचं तुम्ही भोगताय. कुणाची शेळी मेली तरी तिच्या नावावर, कुणाचं पोर तापलं तरी तिच्या नावावर. मूळ शब्द माझा होता आणि तो मी सुरी थांबवायला वापरला.

आता शेवटचं. हे मला मीनाच्या तोंडून वाचलं जायला नको होतं, पण दुसरा मार्ग नाही.

गेल्या रविवारी, वीस तारखेला, मी येऊन गेलो. तुम्ही पेठच्या बाजाराला गेला होतात. उजाडता उजाडता आलो, जाळीनं राहिलेल्या मासोळ्या गोळा करून पुरावा नाहीसा करायला. हाती लागल्या तेवढ्या पिशवीत भरल्या. मासे जांभळीखाली नव्हते. मावशीच्या घरासमोर होते, काठाला लागून, दाराकडे तोंडं करून. ती पंधरा दिवस पाण्यावर आलेली नव्हती. दारातून तिनं मला ओळखलं आणि हाक मारली. कोरा चहा दिला. कपबशी धुऊन, पुसून, नेहमीसारखी.

तिच्या पायाला घोट्याजवळ वळ होता, सालटं निघालेलं. काय लागलं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, रोज झोपताना पाय खांबाला बांधते. मी म्हटलं, का? तर म्हणाली, झोपेत उठून पाण्यावर जात असले तर? जागेपणी मी काही केलेलं नाही, ते मला ठावं हाय. झोपेतलं कोण सांगणार?

मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "शहजाद, तू यंत्रावरचा माणूस, तुला कळतं. खरं सांग, मीच केलं आसंल का रं हे?"

माझ्या पिशवीत तेव्हा ओल्या मासोळ्या होत्या. मांडीवरच होती पिशवी. मी म्हणालो, "मला काय माहीत, मावशी." आणि चहा संपवून निघून आलो.

रविवारी मी सकाळी आठला तुमच्या दारात असेन. भगत, पंच, सगळ्यांसमोर मासा चिरेन आणि ओतायचा साचा पुढ्यात ठेवेन. रुद्रला घेऊन येतोय, त्याला तेही मोबाईलवर काढायला लावेन. मला काय करायचं ते पाड्यानं ठरवावं, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हीच पहिला हात उचललात तरी मी तो अडवणार नाही.

पण रविवारला तीन दिवस आहेत आणि त्याआधी तीन रात्री ती पाय बांधून झोपेल. म्हणून मीना, पोरी, आता वाचणं थांबव. कागद बाबांच्या हातात दे आणि आजीकडे जा. तिला सांग, तू झोपेतही काही केलं नाहीस. शहजादनं केलं, पूर्ण जागेपणी केलं, आणि तू विचारलंस तेव्हा त्याला माहीत होतं. तो दोर सोड आणि आज तिच्याजवळ झोप.

'तुमचा' लिहायला पेन उचलला होता, भाऊ. ठेवून दिला.

शहजाद