पुढचा चाप

नवापूर, १२ जानेवारी

प्रिय प्रिस्किला,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर ठेवायला लावतात आणि खुर्ची जवळ ओढतात. म्हणून लिहिते आहे.

बाबांची बंदूक तुझ्यासाठी तयार आहे. तू नाताळात म्हणाली होतीस, बाबा, जुना चाप फार जड आहे, दोन चापांचं करून द्या, पुढचा अगदी हलका हवा. बाबा हसले. नजर गेल्यापासून असे हसले नव्हते. करतो म्हणाले. फोन बंद झाल्यावर माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "ऐकलंस ना?" तीन वर्षं झाली, बंदूक दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर नाव त्यांचं आहे आणि कानस माझ्या हातात आहे. तुला हे माहीत आहे. तरी तू "बाबा, करून द्या" असंच म्हणालीस.

दोन चापांचे दोन प्रकार असतात. एकात मागचा चाप आधी ओढल्याशिवाय पुढचा हलतच नाही. दुसऱ्यात मागचा ओढला तर पुढचा स्पर्शाला सुटतो, आणि नाही ओढला तरी जोर लावून सुटतो. तुला पहिला चालला असता. नाशिकला तू मुलींना नेमबाजी शिकवतेस, तिथे घाई कुणाला नसते. पण मी दुसरा निवडला. ही बंदूक चाळीस वर्षं आपल्या भाताच्या शेताशी डुकरांसाठी उभी राहिली आहे. तिला एकदम उठायची सवय आहे. ती आता तिकडे भिंतीवर टांगली जाणार असली तरी मी ती सवय मोडली नाही.

तुला आठवतं का, आपण लहान असताना कुठलाही चाप बसवून झाला की बाबा तुला हाक मारायचे. "प्रिस्किला, बोट लाव." तू अंगणातून पळत यायचीस, तर्जनी ठेवायचीस, डोळे मिटायचीस. "अजून खरखरतं," म्हणायचीस, आणि निघून जायचीस. मग बाबा तो तुकडा माझ्यापुढे टाकायचे. मी घासायची. मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. एकदा मीही बोट लावलं आणि म्हटलं, बरोबर आहे. बाबा म्हणाले, "तुझं बोट कानसेनं बहिरं झालं, तुला काय कळणार." ते चिडून म्हणाले नव्हते. पाऊस थांबला म्हणावं तसं म्हणाले. तुला त्यांनी निशाणा शिकवला आणि मला कानस. तुझं बोट मऊ राहिलं, कारण माझं राहिलं नाही.

भिंतीवर तुझ्या बक्षिसाचं कात्रण आहे. बाबांना दिसत नाही, पण गिऱ्हाइकाला बरोबर तिथे हात करून दाखवतात. परवा शहाद्याकडचा पितांबर आला होता, केळीत डुकरं शिरतात म्हणून त्याची जुनी ठासणीची घेऊन. तुझी बंदूक शिकंज्यात आवळलेली होती. चापांवर बोट फिरवून म्हणाला, "रिबेकाबाई, हाई ते नवरीना दागिना शे. बापनी बंदूक तुलेच भेटी ना? सगळं तूच करी ऱ्हायनी." बाबा आतून म्हणाले, "ती प्रिस्किलाची आहे." पितांबरनं माझ्याकडे बघितलं आणि चापांवरचं बोट काढून घेतलं. त्याचं ते बोट काढून घेणं मला तुझ्या कात्रणापेक्षा जास्त लागलं.

आता जे सांगते ते नीट वाच. एका चापाच्या बंदुकीत बोट दाबलेलं राहतं, म्हणून घोड्याला अडवून धरणारा खटका बाहेर राहतो आणि घोडा मोकळा पडतो. दोन चापांत तसं नसतं. आतली कमान खटक्याला एकच टोला देते, खटका लगेच परत येतो आणि घोडा पडता पडता अर्ध्या खाचेत, म्हणजे तो अर्धवट चढवून ठेवायच्या खाचेत, अडकू शकतो. ती खाच झाकायला आत लोखंडाचा एक तुकडा बसवावा लागतो, तांदळाच्या कणीएवढा. तो नसला तरी बंदूक दिसायला पूर्ण असते. दहा-वीस वेळा चालतेसुद्धा. मग खटक्याचं तोंड तुटतं, आणि त्यानंतर चढवलेला घोडा कधी आपोआप पडेल ते सांगता येत नाही.

पितांबर गेला त्या दुपारी मी ती कणी घडवली, घासली, आणि डबीत ठेवली. मग तिच्याशिवाय खटक्याचा स्क्रू आवळला. चुकून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या हातात बंदूक दिली. रिकामीच. त्यांनी मागचा चाप ओढला, पुढच्याला बोट लावलं. घोडा पडला. त्यांनी पुन्हा केलं, कान लावून. तिसऱ्यांदाही. मग बंदूक माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आत काहीतरी कमी आहे. प्रिस्किला असती तर बोट लावून सांगितलं असतं." एवढंच. त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांचा हात बराच वेळ माझ्या खांद्यावर होता, पण तो उठण्यासाठी आधार म्हणूनही असेल.

मी स्क्रू काढले. कणी बसवली. मग पुढचा चाप किती हलका झाला ते बघायचं होतं, आणि तू नव्हतीस. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीनं कधी कानस धरलेली नाही. ती लावली. पहिल्यांदा खरखर कळली. घासलं. पुन्हा लावली. सात वेळा. शेवटी चाप कुठे सुटतो ते मला घोडा पडायच्या आधी कळलं. प्रिस्किला, तू डोळे का मिटायचीस ते मला कळलं. इतकी वर्षं हे तुला फुकट मिळत होतं.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. बाबा हयात असले तरी परवाना तुझ्या नावावर करायला नंदुरबारच्या कार्यालयात दुसऱ्या वारसाचं द्यावं लागतं. त्यात छापलं आहे की सदर शस्त्र माझ्या बहिणीच्या नावे होण्यास माझी कोणतीही हरकत नाही. मी सही केली आहे. काल तहसीलमध्ये बाबांसमोर केली. कागद खरा आहे, तो दाखल कर. पण माझी हरकत आहे. ती लिहायला त्या कागदावर जागा नव्हती, म्हणून हे पत्र. बंदूक न्यायला येशील तेव्हा आधी खटका उघडून कणी बघ. मग बाबांच्या समोर पुढच्या चापाला बोट लाव, आणि हे कुणाचं काम आहे ते त्यांना तुझ्या तोंडानं सांग.

तुझीच, कणी बसवल्यापासून तरी,
रिबेका